अलगदभाऊंची दुसरी बॅटरी

अलगदभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. शहर बसवर ड्रायव्हर म्हणून लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांच्या कंडक्टरने डेपोत सांगून टाकलं, की हा माणूस बस थांबवतो तेव्हा ती थांबली हे खिडकीबाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही, मांडीवरचं मूल जागं होत नाही. त्या दिवसापासून ते अलगदभाऊ झाले आणि त्यांची बायको सगळ्या डेपोची वहिनी झाली. अलगदभाऊ स्वतः मात्र बायकोला हाक मारताना 'अगं' एवढ्यावरच भागवत.

माणूस शिस्तीचा. आता शिस्तीची माणसं जगात पुष्कळ असतात, पण त्यांतली बरीचशी दुसऱ्याला शिस्त लावण्यात गर्क असतात. अलगदभाऊंनी ती स्वतःलाच लावून घेतली होती. डेपोचा एक नियम होता. गाडी लावली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, बॅटरीचा मेन स्विच बंद, आणि मगच पाय खाली. चढताना आधी मेन स्विच चालू, बाकीचं सगळं नंतर. फार पूर्वी एका उभ्या बसने वायर तापून पेट घेतला होता, तेव्हापासून हा नियम. जो विसरेल त्याला कँटीनमध्ये आठवडाभर टोमणे खावे लागत. अलगदभाऊंना ते नोकरीभरात एकदाही खावे लागले नाहीत, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतात. अलगदभाऊंनी एका बेकरीची पाव पोहोचवायची जुनी गाडी विकत घेतली. घरासमोरच्या गल्लीत ती उभी करून तिच्यात पलंग बसवला, सिंक बसवलं, शेगडी बसवली, कपाटांना खिट्ट्या लावल्या. ऊन तापलं की गाडीच्या पत्र्यातून अजूनही पावाचा वास येई आणि दोघांनाही अवेळी भूक लागे. वहिनींनी पडदे शिवले. गल्लीतल्या लोकांनी सल्ले दिले, त्यांना दुसरं काही द्यायचं नव्हतंच.

गाडीत बॅटरी दोन. एक इंजिनाची, ती गाडी चालू करण्यापुरती. दुसरी घराची. पलंगाखालच्या कपाटात बसवलेल्या या दुसऱ्या बॅटरीवर दिवे, पंखा आणि मुख्य म्हणजे छोटा फ्रिज चालायचा. गाडी धावत असताना ती इंजिनावर भरायची, आणि उभी असताना टपावरच्या सोलर पॅनलवर. पॅनलची वीज आधी एका कंट्रोलरमधून जायची. भरणं चाललंय की नाही, हे त्याच्यावरचा हिरवा दिवा सांगायचा. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या मित्रांनी अलगदभाऊंना त्यांच्या शेवटच्या बसचा मेन स्विच काढून भेट दिला होता, मुठीएवढ्या लाल गोल मुठीचा. तो त्यांनी पुढच्या दोन सीटांच्या मधे, खाली, मोठ्या अभिमानाने बसवला. दुसऱ्या बॅटरीकडे येणारी वीज, इंजिनाची असो की पॅनलची, त्या स्विचमधूनच जायची. पुढेमागे दुरुस्ती निघाली तर लाइन तोडता यावी, एवढाच उद्देश. फ्रिज आणि दिवे मात्र सरळ बॅटरीवर.

हा सगळा खटाटोप वहिनींसाठी होता. वहिनींची थोरली बहीण, ताई, लांब समुद्राकाठी एकटी राहायची. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या आणि रोज तेच बोलायच्या, की एकदा समोरासमोर बसून पोटभर बोलायला हवं. अलगदभाऊंनी अर्ध्या शहराला लग्नांना पोहोचवलं होतं, परीक्षांना पोहोचवलं होतं, दवाखान्यातून घरी आणलं होतं. बायकोला मात्र ताईकडे एकदाही नेलं नव्हतं. रजा मिळाली नाही, मिळाली तेव्हा मूल आजारी, मूल बरं झालं तेव्हा रजा संपलेली. वहिनी दरवेळी पोरीला घेऊन एकट्याच जाऊन आल्या आणि त्याबद्दल कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. ते न बोलणंच अलगदभाऊंना हल्ली फार टोचू लागलं होतं. म्हणून त्यांनी शब्द दिला होता, की या वेळी मी नेईन, आपल्या गाडीतून, तू म्हणशील तिथे थांबत.

अडचण एकच होती. वहिनींना मधुमेह होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागे, आणि ते थंड राहायला हवं. त्यांची लेक नर्स. आईच्या मायेने आणि हेडनर्सच्या आवाजाने तिने बापाला अट घातली.

"बाबा, आधी नदीकाठच्या मैदानात गाडी लावून चार दिवस राहा. इन्सुलिन घरी माझ्याजवळ, आई रोज येऊन घेऊन जाईल टोचून. फ्रिजमध्ये फक्त दूध आणि हे थर्मामीटर. चार दिवस फ्रिज थंड राहिला, तर खुशाल जा."

"चार काय, चाळीस दिवस राहील," अलगदभाऊ म्हणाले.

दीड दिवसात दूध नासलं.

तिथून त्यांच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. पॅनलवर धूळ बसली असेल म्हणून टपावर चढून त्यांनी ते आरशासारखं लख्ख पुसलं. पुन्हा नदीकाठी गेले, पुन्हा दूध नासलं. वायर बारीक असेल म्हणून जाड वायर टाकली. बॅटरी काढून दुकानात नेली. दुकानदाराने रात्रभर ठेवून घेतली, तपासली आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिली. ठणठणीत म्हटल्यावर अलगदभाऊंना आनंद व्हायच्या ऐवजी संतापच आला. आजारच सापडत नसेल तर औषध कशाला द्यायचं?

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की ते बघायला गेले की सगळं सुरळीत असायचं. नदीकाठी खुर्ची टाकून बसलेले असताना मधेच उठायचे, गाडीत चढायचे, मागे जाऊन कपाट उघडायचे, तर कंट्रोलरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत असायचा. समाधानाने खाली उतरून पुन्हा खुर्चीत बसायचे. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज मान टाकायचा.

"मी पाठ फिरवली की हिचं काम बंद," ते वहिनींना म्हणाले. "डेपोत असे दोन क्लीनर होते."

"त्यांना तुम्ही काय करायचात?"

"साहेबांना सांगायचो."

"मग सांगा आता सूर्याला," वहिनी म्हणाल्या आणि नासलेलं दूध ओतायला गेल्या.

हसण्यावारी नेलं तरी वहिनी मनातून खट्टू झाल्या होत्या, आणि ते त्यांच्या पडद्यांवरून कळत होतं. पहिल्या खेपेला त्यांनी पडद्यांना इस्त्री केली होती. तिसऱ्या खेपेला ते तसेच चुरगळलेले लटकत होते.

मग लेकीने निर्णय सांगितला. पुढच्या आठवड्यात तिला रजा होती. या खेपेला जमलं नाही, तर ती आईला विमानाने ताईमावशीकडे नेणार होती. "बाबा, तुमच्यावर राग नाही माझा," ती म्हणाली, "पण आईच्या औषधाशी खेळ नको." यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि अलगदभाऊंची पंचाईत नेमकी तीच होती. पोरगी बरोबर बोलत होती. वहिनी ताईकडे जाणारच होत्या, फक्त याही वेळी त्यांच्याशिवाय.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी फ्यूजला बोलावलं. फ्यूज हा डेपोचा जुना इलेक्ट्रिशियन. कामात हुशार, पण डोकं लगेच उडायचं, म्हणून हे नाव. याआधी गल्लीत गाडी उभी असताना त्याने एकदा सगळं तपासलं होतं. अलगदभाऊ ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याला माहिती पुरवत होते, फ्यूज मागे मीटर लावून बसला होता, आणि तासभर सगळं व्यवस्थित चाललं होतं. तेव्हा तो उखडून निघून गेला होता. नदीकाठी ये म्हटल्यावर तो पुन्हा उखडला, पण स्कूटरवर हत्यारांची पिशवी टाकून आला.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. अलगदभाऊंनी नदीकाठी झाडापासून लांब, उघड्यावर गाडी आणून लावली. एरवी गाडी थांबली रे थांबली की वहिनी उठून मागे जायच्या, कारण वळणावळणांवर स्वयंपाकघरात काय काय घसरलंय ते बघायचं असायचं. त्या दिवशी वाटेत त्या मटार सोलत बसल्या होत्या. मांडीवर ताटली, ओच्यात शेंगांची टरफलं. उठलं तर सगळं खाली सांडणार, म्हणून त्या पुढच्या सीटवरच बसून राहिल्या. अलगदभाऊ उतरले. फ्यूज बाजूच्या दारातून मागे शिरला, पलंगाखाली डोकं घालून मीटर लावलं आणि ओरडला, "इथे काही येतच नाहीये. पक्कड आण, स्कूटरवर आहे."

अलगदभाऊंनी पक्कड आणली आणि नेहमीच्या सवयीने आपल्या दारातून आत चढले.

"आलं," फ्यूज म्हणाला. "आता येतंय. भरतंय. चिकटपट्टी पण लागेल, आण."

अलगदभाऊ उतरले.

"गेलं," आतून आवाज आला.

चिकटपट्टी घेऊन चढले. "आलं." पाना आणायला उतरले. "गेलं." फ्यूजचा आवाज चढत गेला. पाना आला तसं पुन्हा "आलं" झालं, आणि मग पलंगाखालून त्याचं लालबुंद तोंड बाहेर आलं.

"तुझ्या वजनाचा प्रश्न आहे हा," तो म्हणाला. "तू चढलास की कुठेतरी वायर टेकते, उतरलास की सुटते. तू आत उड्या मार बघू."

"उड्या?"

"मार म्हणतो ना. जोरात."

निवृत्त ड्रायव्हर, ज्याच्या बसमध्ये कधी कुणाचा चहा सांडला नाही, तो बेकरीच्या गाडीत दणादण उड्या मारू लागला. कपाटांच्या खिट्ट्या निघाल्या, कप वाजले. वीज येतच राहिली. फ्यूजने सगळ्या जोडण्या हलवून पाहिल्या, एकही सैल नव्हती. त्याने हात टेकले.

पुढच्या सीटवर वहिनी मटार सोलायच्या थांबल्या होत्या. त्यांनी पहिल्या उतरण्यात जे पाहिलं त्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. दुसऱ्यात नीट पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांना हसू फुटायला लागलं आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. उड्या सुरू झाल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला. त्या इतक्या हसल्या की ताटली कलंडली आणि मटार गाडीभर धावले.

"अगं, काय झालं?" अलगदभाऊ धापा टाकत पुढे आले.

"काही नाही," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "बाहेर माझी पाण्याची बाटली राहिलीय. जरा आणता?"

अलगदभाऊ ड्रायव्हरच्या सीटवरून सरकले, दाराकडे वळले, आणि वळता वळता त्यांचा एक हात खाली गेला. लाल मूठ टक्कन फिरली. हात वर आला, दार उघडलं, पाय खाली टेकला.

"गेलं," फ्यूज मागून विव्हळला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तिथेच थांबा. हलू नका. आत्ता तुमचा डावा हात कुठे गेला होता?"

"माझा हात? दाराला."

"त्याच्या आधी."

"कुठेच नाही. हँडब्रेकही मघाशीच लावलाय."

"मग हा स्विच कुणी बंद केला?"

अलगदभाऊंनी वाकून पाहिलं. स्विच बंद होता. त्यांनी फ्यूजकडे पाहिलं, फ्यूज तर मागे पलंगाखाली. त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला.

"मी तर मटार सोलतेय," वहिनी म्हणाल्या. "चढा वर."

ते चढले. चढताना हात आपोआप खाली गेला आणि मूठ फिरवून आला. या वेळी त्यांनी तो पाहिला. नोकरीभर ज्या हाताने बस न चुकता बंद केली होती, तो हात त्यांना न विचारता आपलं काम करत होता. इंजिन बंद, हँडब्रेक, मेन स्विच, पाय खाली. खुर्चीत जाऊन बसायला उतरले की बॅटरीचं भरणं बंद. दिवा बघायला चढले की चालू. दिवसभर टपावर ऊन ओतत होतं आणि खाली फ्रिज बॅटरी पीत होता. रात्री झोपायला गाडीत चढले की स्विच पुन्हा चालू, पण तेव्हा ऊन कुठलं असणार?

फ्यूज बाहेर आला, त्याला सगळं सांगितलं, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा चिडायचं सोडून नुसतं खाली बसून घेतलं. "मी पॅनलला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "बॅटरीला दिल्या. कंट्रोलर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. तुला तेवढ्या द्यायच्या राहिल्या."

अलगदभाऊ ओशाळून सीटवर बसून राहिले. लाज वाटत होतीच, पण त्याहून वेगळंही काही वाटत होतं. डेपोत स्विच बंद करून पाय खाली टाकला, की मागे वळून बघायचं नसायचं. गाडी उद्या सकाळपर्यंत दुसऱ्या कुणाची. मग घरी यायचं, जेवायचं, भिंतीकडे तोंड करून झोपायचं.

ते मनातलं बोलले नव्हते, पण वहिनींना त्यांचा चेहरा वाचायची जुनी सवय होती. "घरी यायचात तेव्हा तुमचंही मेन बंदच असायचं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात धार नव्हती, उलट खाली वाकून मटार गोळा करता करताच त्या बोलल्या. पण अलगदभाऊंना ते लागलं, आणि लागलं म्हणून बरं वाटलं. इतक्या वर्षांत वहिनींनी पहिल्यांदाच तक्रार केली होती.

फ्यूजने पक्कड उचलली. "हा स्विच काढूनच टाकतो. वायर सरळ जोडली की काम झालं, पाच मिनिटं."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "त्यांना मित्रांनी दिलाय. मी लक्ष ठेवते."

चार दिवसांच्या मुक्कामात चढता-उतरताना त्यांनी तसं खरोखर लक्ष ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी लेक मैदानात आली. तिने फ्रिज उघडला, थर्मामीटर पाहिलं, दुधाचा वास घेतला, आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग पर्समधून बर्फाचा डबा काढला आणि त्यातलं इन्सुलिन स्वतःच्या हाताने फ्रिजमध्ये ठेवलं. "रोज सकाळी फोटो पाठवायचा थर्मामीटरचा," ती म्हणाली. "तुमचा नको, थर्मामीटरचा." मग तिने बापाला मिठी मारली आणि विमान रद्द करते म्हणाली.

प्रवास सुरू झाला. वहिनी म्हणतील तिथे थांबायचं, हे ठरलेलंच होतं, आणि वहिनींना कुठेही थांबावंसं वाटे. पुलाजवळ, पेरूच्या गाडीजवळ, उगाच एका शाळेच्या मैदानाजवळ. गाडी उभी राहिली की वहिनी आधी आपला तळहात त्या लाल मुठीवर पालथा ठेवायच्या. इंजिन बंद व्हायचं, हँडब्रेक वर यायचा, आणि मग अलगदभाऊंचा हात सवयीने खाली यायचा तो त्यांच्या हातावर. पहिल्या दिवशी ते दरवेळी दचकले आणि वहिनी दरवेळी हसल्या. दुसऱ्या दिवशी दचकणं थांबलं. पडद्यांना इस्त्री होती, दूध ताजं होतं, लेकीला सकाळी फोटो जात होता.

चौथ्या दिवशी ताईच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा ती नेहमीसारखीच थांबली, म्हणजे कुणाला कळलंच नाही. ताई दारातच खुर्ची टाकून वाट बघत होती. ती काठी टेकत फाटकापर्यंत आली आणि थांबली, कारण गाडीतून कुणीच उतरेना. आत वहिनींचा हात मुठीवर होता, त्यावर अलगदभाऊंचा हात होता, आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला होता.

"अहो, ताई उभी आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि अजून किती दिवस मी हा स्विच सांभाळायचा? ती सवय सुटायची नाही का तुमची?"

"ती परवाच सुटली," अलगदभाऊ म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. फाटकापाशी ताईने काठी आपटून हाक मारली. वहिनींनी ती ऐकली, पण लगेच उतरल्या नाहीत.